मदत हवी आहे: 'पोर्टेबल'ला वापरता येईल असा मराठी शब्द (आणि त्याचं मूळ)

मंडळी, शेतीच्या एका पंपाच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. पहिल्याच ओळीत 'पोर्टेबल'. कोशातला 'सुवाह्य' चोख आहे, पण बांधावर उभं राहून 'सुवाह्य पंप दाखवा' कोण म्हणणार? 'फिरता पंप' लिहिलं, तर मालकांनी खोडलं. म्हणे फिरत्याला चाकं लागतात. हा २२ किलोचा, दांडीला धरून विहिरीवरून ओढ्यावर न्यायचा.

त्यात आठवीतल्या लेकीने विचारलं, एअरपोर्टमधला पोर्ट तोच का? आणि पीडीएफमधला पी पोर्टेबलचा, तर ती कोण उचलून नेतं? मी गप्प.

प्रतिसाद

मालकांचं बरोबर आहे. मोबाइल म्हणजे हलतं-फिरतं, पोर्टेबल म्हणजे कुणीतरी वाहून न्यायचं. मूळ लॅटिन 'पोर्तारे', वाहणे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट ही त्याचीच भावंडं, स्टेशनवरचा पोर्टरसुद्धा. गंमत बघा, आपला 'हमाल'ही अरबीतल्या वाहण्याच्याच धातूवरून आलाय.

एअरपोर्टमधला पोर्ट बंदराचा, लॅटिन 'पोर्तुस'. सख्खा नाही, चुलत. दोघांच्या मागे 'पार नेणे' अशा अर्थाचा जुना धातू मानतात. संस्कृत 'पारयति' त्याच घरातलं.

पीडीएफ अ‍ॅडोबीने १९९३ साली आणलं. तिथे वजनाचा प्रश्न नाही. फाइल कुठल्याही संगणकावर उघडा, अक्षरं नि रकाने जागच्या जागी, एवढाच अर्थ. देशभर २० जानेवारी २०११ला सुरू झालेली नंबर पोर्टेबिलिटीही तशीच: कंपनी बदलली तरी नंबर आपल्याबरोबर.

शब्दासाठी एक सुचवतो. इंग्रजीत पूर्वी पोर्टेबलचा 'सोसवेल असं' हाही अर्थ होता. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये एडगर आपल्या दुःखाला हेच विशेषण लावतो. मराठीत 'पेलणं' दोन्हीकडे चालतं. घागर पेलते, दुःखही पेलतं. तिथून काही निघतंय का बघा.

धागाकर्ता

निघालं! 'एकट्याला पेलेल असा पंप'. मालकांना फोनवर वाचून दाखवलं, आवडलं. फक्त म्हणाले, पुढे कंसात पोर्टेबल राहू द्या, दुकानात गिऱ्हाईक तेच मागतं.