'किमान बदल करा' म्हणजे नक्की काय करा?

ज्युनियर पोरांना कोडिंगचे प्रॉब्लेम मराठीतून समजावतोय, तिथे एक वाक्य अडलं. पूर्णांकांचा ॲरे (ओळीने मांडलेले आकडे) दिलाय ३, ४, ४, ५, ९ आणि खाली लिहिलंय "किमान बदल करून तो चढता करा". एक पोरगा म्हणतो हा चढताच आहे, उत्तर ०. दुसरा म्हणतो १, तिसरा २. तिघांचंही ऐकलं की पटतं, मग वाक्यच गंडलंय ना? काय लिहावं?

—

आधी 'चढता' बघा. शाळेत मध्यक काढायला आकडे चढत्या क्रमाने लावायचो तेव्हा ४, ४ शेजारी शेजारी आले तरी बाई मार्क कापायच्या नाहीत. त्या हिशोबाने ० वाला बरोबर. तुम्हाला स्ट्रिक्टली इन्क्रीझिंग हवं असेल तर काही जण 'काटेकोर चढता' लिहितात, मला नाही रुचत, काटेकोर म्हटलं की जमाखर्चाची वही आठवते. सरळ "प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा" लिहा, शब्द जास्त गेले तर गेले. नॉन-डिक्रीझिंगला, म्हणजे शेजारी सारखे आकडे चालतात त्याला, मात्र 'न उतरता' झकास बसतो.

—

माझं भांडण 'किमान'शी आहे. किमान वेतन म्हणजे त्याच्याखाली जायचं नाही, वर कितीही द्या. "किमान दोन माणसं पाठव" सांगितलं आणि चार आली तर कोणी तक्रार करत नाही. तसं "किमान दोन बदल करा" वाचून पोरगं पाच करेल आणि वर म्हणेल अट पाळली की! 'कमीत कमी'चीही तीच गत. पण पुढच्या शब्दाला नुसता त जोडा, कमीत कमी पैशात, कमीत कमी वेळात, कमीत कमी बदलांत, की अर्थ एकदम दुसऱ्या टोकाला, आता हात आखडता घ्यायचाय. किमान तापमानात तो शब्द 'सगळ्यात कमी' असाच वापरतात म्हणा, म्हणजे शब्द वाईट नाही, इथे 'करा'च्या आधी बसवला की घोळ होतो.

—

आणि 'बदल' कसला ते कुठंय? आकडा काढून टाकणं धरलं तर १ पुरे, एक ४ उडवला की ३, ४, ५, ९. जागच्या जागी दुसरा आकडा लिहायचा असेल तर २. अदलाबदल म्हणाल तर जन्मात होणार नाही, दोन ४ जाणार कुठे.

—

हे 'लिहायचं असेल तर २' पोरांना पटत नाहीये. ३, ४, ५, ९ आधीच चढते आहेत, मग मधला एक ४ बदलला की काम झालं, असं म्हणतायत.

—

त्या ४ च्या जागी लिहिणार काय? ४ आणि ५ च्या मध्ये पूर्णांकच नाही. म्हणजे दर जागेला आकडा निदान एकने वाढायला हवा, म्हणून प्रत्येक आकड्यातून त्याची जागा वजा करायची, ० पासून मोजून: ३, ३, २, २, ५. आता यात सगळ्यात लांब न उतरती उपक्रमिका (मधले गाळा पण क्रम मोडू नका) शोधा, ३, ३, ५ मिळते, लांबी ३. ती तशीच ठेवायची, बाकीचे ५ − ३ = २ बदलायचे, ॲरे होतो ३, ४, ५, ६, ९. बायनरी सर्च (दरवेळी निम्मा भाग सोडून शोधणं) लावली की एन आकड्यांना साधारण एन लॉग एन पायऱ्यांत होतं. क्रमिका हा सीक्वेन्सला शाळेच्या पुस्तकातलाच शब्द, उपक्रमिका त्यावरूनच. सबॲरेला उपक्रमिका म्हणू नका हं, तो 'सलग तुकडा'.

—

मग वाक्य असं करतो: "कमीत कमी जागी दुसरा पूर्णांक लिहून प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होईल असं करा." चालेल?

—

चालेल, फक्त 'पूर्णांक' की 'नैसर्गिक संख्या' ते बघून ठरवा. १०, १, २ घ्या. पूर्णांक म्हटलं तर १० च्या जागी ० लिहून एका बदलात सुटतो. नैसर्गिक म्हटलं तर १ च्या आधी लिहायला काहीच उरत नाही, १०, ११, १२ करावं लागतं, दोन बदल.