रत्नागिरीतला एसी १४ महिन्यांत ३ वेळा गॅस प्यायला, सांगलीतला ९ वर्षं ठणठणीत, भानगड काय?

विश्रामबागकर:
मंडळी जरा डोकं लावा. मी सांगलीत, धाकटा भाऊ नोकरीसाठी रत्नागिरीला, मांडवीजवळ भाड्यानं राहतोय. खिडकीतून समुद्र दिसतोय म्हणून पोरं खूश. ३ वर्षांमागं त्याला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी मीच घेऊन दिला, आणि आता गेल्या १४ महिन्यांत ३ वेळा गॅस भरून झाला. दर वेळी वेगळा मेकॅनिक आणि दर वेळी तीच कॅसेट, 'गॅस संपलाय', मीटर लावला, गॅस सोडला, २८०० घेतले, निघाला. तीन-चार महिने बर्फ, मग नुसता पंखा. माझ्या घरात त्याच कंपनीचा ९ वर्षांचा जुना आहे, त्याचा आजवर एक कपॅसिटर तेवढा बदललाय, एप्रिलात पारा ४० च्या वर गेला तरी गपगुमान चालतोय.

मागच्या रविवारी आंबा घाट उतरून स्वतः बघून आलो. पाऊस लागू नये म्हणून आउटडोअरवर मी मुद्दाम पत्र्याची छपरी करून घेतलेली, तरी मागची जाळी बोट लावलं की भुगा होऊन पडतीय, अंगाऱ्यासारखी पांढरी पूड. स्क्रूला तर पान्हाच बसत नाही. भावजय म्हणतीय दादा हा विकून टाका, कूलर आणू. काय करावं?

कंदीपेढा:
कूलर नको ओ, तिकडं हवाच ओली, पाणी वाळणार कसं आणि गार होणार कसं. आमच्या साताऱ्यात मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मस्त चालतो, कोकणात अंगाला नुसता चिकचिकाट होईल. बाकी १८ वर लावून झोपत असतील तर २४-२५ वर आणा, आणि पुढचा एसी कॉपर कॉइलचाच, म्हणजे आत तांब्याची नळी असलेलाच घ्या, विषय संपला.

गारठा_तासगाव:
विषय एवढ्यात संपत नाही भावा. आणि १८ वर ठेवल्यानं बिल वाढतं, गॅस उडत नाही.

विश्रामबागकर दादा, मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला प्लँटवर आहे, सुट्टीदिवशी घरगुती एसीची कामं घेतो. पहिली गोष्ट, गॅस संपत नसतो. तो काय पेट्रोल आहे का? बंद नळीत तेवढाच फिरत राहतो, कमी झाला म्हणजे गळाला. लिकेज न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा मारणं, तुमचे ८४०० त्यातच गेले.

आता जाळी. भुगा झालेली जाळी म्हणजे ॲल्युमिनियमच्या फिन, गॅस त्यात नसतो, गॅस आतल्या नळीत. फिन गळाल्या की उष्णता बाहेर टाकता येत नाही, प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर दमतो. आता नळी कशाची आहे ते बघा, कडेला वाकवलेल्या भागावर पॉलिश पेपर हलका फिरवा, कोरू नका. लालसर निघाली तर तांबं, चकचकीत पांढरी निघाली तर तीपण ॲल्युमिनियम, मग खारं वारं नळीलाच बारीक भोकं पाडतंय. आणि कंदीपेढा भाऊ, तांब्याची नळी घेतली तरी फिन ॲल्युमिनियमच्याच असतात, दोन धातू चिकटलेले आणि मधे खारट ओल, की आधी ॲल्युमिनियम खातंय. म्हणून समुद्राकाठी नळीबरोबर जाळीवर गंज धरू नये म्हणून दिलेला लेपही बघायचा. (आमच्या अमोनियाच्या प्लँटला उलटं, तिथं तांबं चालतच नाही, अमोनिया खातो, सगळी लोखंडी पाइप.)

राग मानू नका, पण घोटाळा तुमच्या छपरीनं केलाय. आउटडोअर पावसात भिजायलाच बनवलेला असतो. कोकणात पाऊस धो धो, तो फुकटात मीठ धुऊन नेतो, तुम्ही तेच अडवलं. वाऱ्याबरोबर मीठ आत येतंय आणि तिथंच बसतंय.

मेकॅनिकला सांगा, आधी नायट्रोजन भरून प्रेशर लाव, साबणाचा फेस लावून बुडबुडा दाखव, मग नळीतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप, मग काट्यावर वजन करून गॅस. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टिकरवर गॅसचं नाव आर-३२ असेल तर तो गॅस थोडा का होईना पेट घेणारा आहे, लाइनीत गॅस असताना तिथं ज्योत लावू देऊ नका.

मिरजवाली:
छपरीबद्दल १०० टक्के. माझं माहेर गुहागर. आमचे बाबा गणपतीनंतर पाऊस ओसरला की दर पंधरा दिवसांनी एसीला आंघोळ घालतात, आई म्हणते म्हशीला पण एवढं कुणी धूत नाही. एमसीबी पाडायचा, साधा पाइप घ्यायचा, जोराचा फवारा नको, फिन वाकतात. पण पाणी बघून हं! आधी आम्ही बोअरचं मारायचो, ते मचूळ, म्हणजे मिठावर मीठ. आता टाकीतलं नळाचं. आणि सर्व्हिसिंगवाल्यानं ॲसिडची बाटली काढली की हात जोडायचे, चकचकीत करतो पण लेप उतरवून जातो.

आतल्या युनिटचंही बघा. मिरजेत एप्रिलात नळीतून थेंब मोजून घ्यावेत, गुहागरला एका रात्रीत बादली. ट्रेमध्ये बुळबुळीत शेवाळ साठून नळी तुंबते आणि पाणी भिंतीवर. बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता फॅन मोड ठेवला की कुबट वासही कमी येतो. एकदा मात्र यातलं काहीच नव्हतं, बोर्डावर पाल चिकटून मेली होती!!

विश्रामबागकर:
शनिवारी परत जाऊन आलो. पॉलिश पेपर मारला, पांढरी निघाली. सांगलीतल्याला मारला, लाल. एकच कंपनी म्हणून मी नळीचा विचारच केला नव्हता. या खेपेच्या मेकॅनिककडं नायट्रोजनचा सिलिंडर होता, खालच्या वाकाला तीन ठिकाणी फेस फुगला, एक भोक तर सुईच्या टोकाएवढंही नाही. तो म्हणतोय एक बुजवलं तर शेजारी दुसरं पडणार, लेपवाली तांब्याची कॉइल बसवू, फिटिंग आणि गॅससकट १३ हजार. कॉम्प्रेसर चांगला आहे. बसवू का?

गारठा_तासगाव:
बसवा. पण जुनी कॉइल त्याला तशीच देऊ नका, भंगाराचे पैसे वळते करून घ्या. आणि आउटडोअर समुद्राच्या तोंडावरून हलवून भिंतीच्या आडोशाला नेता आला तर बघा, आडोसा म्हणजे वाऱ्याला, पावसाला नव्हे.

विश्रामबागकर:
पाठच्या बाजूला हलवायला घरमालक हो म्हणालेत, पाइप दोन मीटर वाढतोय. पत्र्याची छपरी मी गाडीच्या टपावर बांधून सांगलीला आणली, बंबाच्या लाकडांवर घातलीय.