मदत हवी आहे: एन७०० शिनकानसेन स्टॉप मार्कवर अचूक थांबत नाही

ओपनबीव्हीई या ट्रेन सिम्युलेटरमध्ये तोकाइदो मार्गावर १६ डब्यांची एन७०० ही जपानी बुलेट ट्रेन चालवतोय. २८५ किमी वेगापासून ३० पर्यंत एटीसी (स्वयंचलित वेगनियंत्रण) व्यवस्थित उतरवते. अडचण त्यानंतरची, म्हणजे हाताने थांबवण्याची. शिन-योकोहामा स्टेशनला बी३ (ब्रेकची तिसरी पायरी, म्हणजे नॉच; आकडा मोठा तसा ब्रेक जोरात) लावून ठेवला तर गाडी थांबण्याच्या खुणेच्या १०-१२ मीटर अलीकडेच थांबते. बी२ ठेवला तर खूण ओलांडते. बी३ वरून मध्येच बी१ वर आणून पाहिलं; नॉच सोडल्यावर ब्रेक सिलिंडरचा दाब उशिरा उतरतो, त्यामुळे अंदाज चुकतो आणि शेवटी झटकाही बसतो.

कीबोर्डच वापरतो, लिव्हर नाही. फ्रेम रेट स्थिर ६०, उशीर फक्त ब्रेकचाच. ट्रेनची फाइल बदलायची नाही, कारण खरा प्रतिसादच हवाय.

३० किमीवरून थांबताना बी३ वरून खाली यायला नेमक्या किती वेगाला सुरुवात करता, आणि खुणेपासून किती मीटरवर?