विंगर का ट्रॅव्हलर, खरं ॲव्हरेज किती पडतं?

सातारकर: मंडळी सेकंडहँड डिझेल गाडी घ्यायचीय, टाटाची १३ सीटर विंगर नायतर फोर्सची १७ सीटर ट्रॅव्हलर. आठवडाभर एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण आणि शनिवार-रविवार महाबळेश्वरची भाडी. एक एजंट म्हणतो विंगर लिटरला १४ किलोमीटर देते, दुसरा म्हणतो ट्रॅव्हलर १३ च्या खाली येतच नाय. जे रोज चालवताय त्यांनी सांगा.

वाईचा_गणेश: दादा हे आकडे रिकाम्या गाडीचे, हायवेचे आणि एसी बंद ठेवून. मालकाला म्हणा एका भाड्याला मी पण बसतो. निघताना पंपाचं नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल, पसरणी घाट चढून एसी लावून फिरून या, परत त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. निदान दोनतीनशे किलोमीटर तरी व्हायला पाहिजेत, कारण शंभर किलोमीटरवर भरताना एक लिटर इकडंतिकडं झालं तरी १० चं ॲव्हरेज ९ दिसतं. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका.

कराडकर: नुसतं ॲव्हरेज बघून फसाल, सीटवर हिशोब करा. समजा विंगर १२ देते आणि ट्रॅव्हलर १०, तर १३ सीट गुणिले १२ म्हणजे १५६ आणि १७ गुणिले १० म्हणजे १७०, म्हणजे गाडी भरलेली असेल तर ट्रॅव्हलरच माणशी स्वस्त पडते. दहाच माणसं असली तर उलटं. आणि ड्रायव्हरला ८० च्या पुढं जाऊ देऊ नका, एवढी उंच गाडी १०० ने पळवली की वाऱ्याचा विरोध ८० पेक्षा दीडपट होतो, तो सगळा डिझेलमधनं जातो.

मिरजेचा_ड्रायव्हर: घाट उतरताना न्यूट्रल करून सोडणारा ड्रायव्हर ठेवू नका, हात जोडून सांगतो. कॉमनरेल इंजिनात, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या आताच्या इंजिनात, गाडी गियरमध्ये असून पाय रेसवरनं काढला की डिझेल सोडणंच बंद होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. केळघर घाटात गरम ब्रेकचा वास आला की लोकांना वाटतं ब्रेकचे लायनर गेले. दुसरं म्हणजे बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाची) गाडी नुसती गावातल्या गावात फिरली तर डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनीतल्या धूर गाळायच्या फिल्टरमध्ये, काजळी साठते, ती जाळायला जादा डिझेल जातं, म्हणून मधनंमधनं हायवेला सलग चालवा.

सातारकर: कामगार रोज दहा-बाराच असतात, १७ फक्त सीझनला.

कराडकर: मग विंगरच बघा. टपावरचा कॅरियर रोजच्या फेऱ्यांना काढून ठेवा आणि टायरची हवा महिन्याला नाय, आठवड्याला चेक करा.