मदत हवी आहे: खो-खो खेळणाऱ्या मुलीसाठी न्यू जर्सीच्या हायस्कूलमध्ये कोणता खेळ निवडावा?

नमस्कार. आम्ही ऑगस्टअखेर ठाण्याहून न्यू जर्सीतील एडिसनला राहायला आलो असून मुलीला येथील सरकारी हायस्कूलमध्ये दहावीत प्रवेश मिळाला आहे. ठाण्यात ती पाचवीपासून खो-खो खेळत होती आणि शाळेच्या संघात पहिल्या तुकडीत पळत असे. येथे खो-खो नसणार हे आम्ही गृहीत धरले होते, पण खेळांचे वेळापत्रक इतके काटेकोर असेल याची कल्पना नव्हती. शरद, हिवाळा आणि वसंत असे तीन हंगाम असून प्रत्येकाचे खेळ ठरलेले आहेत. मुलींचे टेनिस आणि व्हॉलीबॉल शरदात, तर मुलांचे तेच खेळ वसंतात होतात. शरदातील संघांची निवड शाळा उघडण्यापूर्वीच होऊन गेली होती, आणि तेव्हा आम्ही अजून बॅगा रिकाम्या करत होतो.

सध्या ती संध्याकाळी ड्राइव्हवेच्या दोन टोकांना कचऱ्याचे दोन डबे ठेवते आणि त्यांनाच खांब मानून वळसे घेण्याचा सराव करते. शेजारच्या आजोबांनी एकदा काळजीने विचारले, की तिचे काही हरवले आहे का!

हिवाळ्यात बंदिस्त मैदानावर ॲथलेटिक्स असते आणि त्यात ५५ मीटरची शर्यत असते, असे कळल्यापासून तिने तोच ध्यास घेतला आहे. मात्र हंगामाचा सराव सुरू होण्याआधीच्या ३६५ दिवसांत झालेली वैद्यकीय तपासणी आवश्यक असून, तपासणाऱ्याने खेळाडूंच्या हृदयतपासणीसंबंधीचा राज्याचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे फॉर्मवर नमूद करावे लागते. त्यामुळे आमच्या ठाण्याच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर मोठ्या प्रेमाने लिहून दिलेले प्रमाणपत्र येथे निरुपयोगी ठरले. बालरोगतज्ज्ञांची नव्या रुग्णांसाठीची पहिली वेळ डिसेंबरच्या मध्यावर मिळते आहे, म्हणजे तोवर सराव सुरू झालेला असेल. अर्जंट केअरमध्ये (आधी वेळ न घेता जाता येणाऱ्या दवाखान्यात) ही तपासणी करून घेतल्यास शाळा ती स्वीकारते का? कोणी अलीकडे करून घेतली असल्यास कृपया अनुभव सांगावा.

दुसरा प्रश्न क्लबांचा आहे. सप्टेंबरच्या क्लब मेळाव्यात तिने उत्साहाच्या भरात रोबोटिक्स, मॉडेल युनायटेड नेशन्स (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल करणारा क्लब) आणि डेका (व्यवसाय आणि मार्केटिंगच्या स्पर्धांचा क्लब) धरून एकूण सात ठिकाणी नाव नोंदवले. त्यांपैकी तीन क्लबांच्या बैठका गुरुवारीच असतात. यजमानांच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जात) दहा उपक्रम नोंदवता येतात, तेव्हा खेळात वेळ घालवण्यापेक्षा क्लब वाढवावेत. मला हे पटत नाही. दहा रकाने आहेत म्हणून ते भरलेच पाहिजेत असे नाही, आणि आमची मुलगी चार दिवस पळाली नाही तर घरात कोणाशी धड बोलत नाही. मी रोबोटिक्स आणि धावणे, एवढेच ठेवावे अशा मताची आहे. ज्यांच्या मुलांनी खेळ आणि रोबोटिक्स दोन्ही सांभाळले, त्यांनी आठवड्याची आखणी कशी केली?

शेवटची अडचण घरी येण्याची आहे. नेहमीची स्कूलबस शाळा सुटताच निघते, सराव मात्र पुढे दोन तास चालतो, आणि डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. मला अजून येथील वाहन परवाना मिळालेला नाही. पालक आळीपाळीने मुलांना आणतात असे ऐकले आहे, परंतु ओळखपाळख नसताना पहिल्यांदा हे कोणाला आणि कसे विचारावे?