पहिल्या पगाराने हिरमोड झाला, तर दोष मुलांचाच का?

कृष्णाकाठ : सांगलीच्या एका समूहात काल एका गृहस्थांनी लिहिले, की आजच्या मुलांना पहिला पगार झाला की रडू येते, कारण त्यांना कष्टाची सवय नाही आणि कापलेले पैसे ही त्यांचीच बचत असते हेही समजत नाही. त्यांनी माझ्या भाचीची पगारपावती पाहावी. कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराने तिला पॅकिंगच्या कामावर १२,००० रुपये ठरवून घेतले; एकही खाडा न करता खात्यावर आले ८,४७०. पीएफ १,४४०, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ९०, व्यवसाय कर २००, कॅन्टीन ६००, गणवेश आणि सेफ्टी बूट १,२००. कामावर घेताना यातला एक शब्दही कोणी तिला सांगितला नव्हता. आईने आणलेला पेढ्यांचा पुडा रात्रीपर्यंत कोणी सोडला नाही.

जुना फिटर : ते गृहस्थ मीच. पीएफचे १२ टक्के कापले जातात तेव्हा मालकालाही तेवढेच भरावे लागतात, आणि याच पैशातून माझ्या घराचा स्लॅब पडला. तेव्हा आम्हीही चडफडलो होतो, पण चारचौघांत गळा काढला नाही.

तासगावचा बागायतदार : आमच्याकडे छाटणीला, विरळणीला माणूस मिळत नाही. संध्याकाळी रोख मजुरी देतो, एक रुपया कापत नाही, तरी मुलांना कंपनीचे ओळखपत्रच गळ्यात हवे!

कृष्णाकाठ : अवकाळीने बाग झोपली, की त्या मजुरांना दुसऱ्या दिवशी कोण बोलावते, तेही लिहा.

शिरवळची रात्रपाळी : फिटरसाहेब, तुम्ही कायम नोकरीत होता, म्हणून तुमचा स्लॅब पडला. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात आणि ती पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते; इथे ठेकेदार वर्षही पुरे होऊ देत नाही.

जुना फिटर : २०१४ पासून यूएएन, म्हणजे प्रत्येकाचा पीएफचा एकच कायम क्रमांक, आहे. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो आणि सेवा जोडली जाते. आधी माहिती घ्यावी, मग लिहावे.

शिरवळची रात्रपाळी : माहिती तुमच्याकडे आहे, भोग माझ्याकडे आहेत. प्रत्येक ठेकेदाराने माझा नवा क्रमांक काढला. एकाने जन्मतारीख चुकवली, दुसऱ्याने काम सोडल्याची तारीखच भरली नाही, आणि तो आता फोन उचलत नाही. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी माझेच पैसे मला मिळाले नाहीत. याला बचत म्हणायची असेल तर खुशाल म्हणा.

जुना फिटर : हा दोष ठेकेदाराचा आहे, पीएफचा नव्हे. आवाज चढवल्याने मुद्दा बळकट होत नाही.

हिशेबनीस : दोघांनी पीएफवर रान उठवले आणि पावती कोणीच नीट वाचली नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना मासिक २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही. मग या मुलीचे २०० रुपये गेले कुठे? सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, हे तर १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आले आहे. पगारपत्रके करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पहिल्या पगारातले असे कापलेले पैसे नवी पोरे लाजेपोटी विचारत नाहीत, हे ठेकेदार पक्के ओळखून असतात.

जुना फिटर : व्यवसाय कर आणि बूट, दोन्ही मान्य. चर्चेत एका तरी व्यक्तीला कायदा ठाऊक आहे, याचा आनंद झाला. तरीही पीएफ आणि ईएसआयचे १,५३० रुपये योग्यच कापले आहेत, आणि त्यावर रडणे मला पटत नाही.

कृष्णाकाठ : ती १,५३० रुपयांसाठी रडलीच नव्हती. ठेकेदाराला विचारले तर 'सगळ्यांचेच कापतो' एवढेच उत्तर मिळाले. सोमवारी पावती घेऊन मी त्याच्या कार्यालयात जाणार आहे. आपणही यावे, आपल्याला कष्टाची सवय आहेच.

जुना फिटर : येतो. मात्र कॅन्टीनच्या ६०० रुपयांबद्दल मी तोंड उघडणार नाही. मुलगी तिथे जेवली असेल, तर ते द्यावेच लागतील.