गोगाचे 44 दिवस आणि बाकीची वर्षं

(एक ऑनलाइन चर्चा; ‘तळटीप’, ‘पैलतीर’, ‘मतमोजणी’ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप : पैलतीर, रुमानियाचा कवी आणि राजकारणी ओक्तावियान गोगाबद्दलची तुमची ‘त्याचं राजकारण म्हणजे पंतप्रधानपदाचा 44 दिवसांचा अपघात होता, त्याला कवी म्हणूनच वाचा’ ही पोस्ट वाचून राहवलं नाही. कसला अपघात? 1926ला गृहमंत्री, 1932ला स्वतःचा पक्ष, 1935ला कुझाच्या ज्यूद्वेष्ट्या पक्षाशी विलीनीकरण. 28 डिसेंबर 1937ला पंतप्रधान झाला आणि लगेच ‘आदेवरुल’, ‘दिमिनेआत्सा’, ‘लुप्ता’ ही वृत्तपत्रं बंद. जानेवारीत 169 क्रमांकाचा हुकूम : ज्यूंनी नागरिकत्व नव्यानं सिद्ध करावं, कागद त्यांनीच आणावेत. पहिल्या महायुद्धानंतर रुमानियात आलेल्या ट्रान्सिल्व्हेनिया, बेसाराबियातल्या माणसानं जुन्या साम्राज्यांच्या दप्तरातले दाखले आणायचे कुठून? सुमारे 2,25,000 लोकांचं नागरिकत्व गेलं.

पैलतीर : ती छाननी पुढच्या सरकारांनी पुरी केली, हेही लिहा ना. आणि 1905चा कवितासंग्रह? गोगाच्या ट्रान्सिल्व्हेनियावर तेव्हा हंगेरीचं राज्य होतं; हंगेरीनं त्याला 1912ला सेगेदच्या तुरुंगात टाकलं, तेव्हा हंगेरियन कवी आदी एन्द्रेनं त्याची बाजू घेतली. मादाचचं हंगेरियन नाटक रुमानियनमध्ये आणलं गोगानंच. हा माणूस नुसता द्वेष्टा?

मतमोजणी : दोघंही मूळ मुद्दा सोडताय. 1937च्या निवडणुकीत गोगाच्या पक्षाला 9.15 टक्के मतं, 39 जागा, तरी तो पंतप्रधान कसा? 1926चा निवडणूक कायदा बघा. देशभरात 40 टक्के मतं मिळवणाऱ्याला निम्म्या जागा थेट, वर उरलेल्या निम्म्यांत प्रमाणशीर वाटा. 2 टक्क्यांखाली काहीच नाही. त्यामुळे राजा आधी सरकार नेमायचा, मग ते सरकार निवडणूक जिंकायचं. 1937ला सरकारी आघाडी सुमारे 36 टक्क्यांवर अडकली आणि यंत्र बंद पडलं. विरोधी नेता मानिऊला बोलवायचं नाही म्हणून करोल राजानं गोगाला बोलावलं.

पैलतीर : म्हणजे राजाचं प्यादं. मी वेगळं काय म्हणतोय?

तळटीप : प्यादं? 1926ची निवडणूक याच कायद्यानं झाली, गृहखातं गोगाकडे होतं. तेव्हाचा पंतप्रधान अवेरेस्कूच्या पक्षाला 387पैकी 292 जागा! यंत्र कसं चालतं ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

मतमोजणी : त्यात कायद्यापेक्षा प्रीफेक्ट (जिल्ह्यांचे सरकारी प्रमुख) आणि पोलीस जास्त कामी आले. विरोधकांच्या सभा अडवणं, उमेदवारांना गावात न शिरू देणं.

तळटीप : प्रीफेक्ट कुणाच्या हुकमात होते? गृहमंत्र्याच्याच!

पैलतीर : आवाज चढवू नका. 1926चं मान्य, नाइलाजानं. पण 1905च्या कवितेवर 1938चा हुकूम लादणार नाही.

तळटीप : लादू नका. फक्त ‘अपघात’ हा शब्द मागे घ्या.